बायकोच्या मळमळीचा आलेख

गाडी घेतल्यापासून बायको माहेरी एसटीनं गेली आणि मी गाडीनं. गाव एकच, दिवस एकच, निघायची वेळही एकच. मी तिला नळदुर्गच्या स्टँडवर सोडायचो, ती बसमध्ये खिडकीची जागा धरायची, आणि मी रिकाम्या गाडीनं सास्तूरला पोचायचो. वाटेत कधी बस पुढं, कधी मी पुढं. एखाद्या चढावर बसला ओव्हरटेक करताना वर बघितलं, तर तिचा हात खिडकीतून बाहेर आलेला दिसायचा. मी हॉर्न वाजवायचो. बघणाऱ्याला वाटलं असेल, मोठी मजा चाललीय नवरा-बायकोची.

मजा नव्हती. माझ्या गाडीत तिला मळमळायचं. स्टँडपर्यंत काही व्हायचं नाही, पण हायवे सोडून लोहाऱ्याच्या रस्त्याला लागलं की ती पदर नाकाला लावायची, मग गप्प व्हायची, मग म्हणायची, "थांबवा." एकदा, दोनदा, चारदा असं झालं आणि तिनं नाद सोडला.

गाडी जुनी, आठशे सीसीची, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. हिला कॉम्प्युटर नाही, कार्ब्युरेटर आहे. पेट्रोल आणि हवा एकत्र मिसळून इंजिनाला देणारी ती लोखंडी डबी. मला ती गाडी फार आवडते. रविवारी तिच्याखाली पडून राहायला आवडतं. मी आयटीआयमध्ये पोरांना इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवतो, हातात काहीतरी असल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि माझ्या आवडीच्या वस्तूनं बायकोला ओकाऱ्या येतात हे मान्य करायला मला जड जात होतं. म्हणून मी म्हणायचो, "तुझं पोटच नाजूक."

"मग एसटीत कसं न्हाय हुत?"

"एसटीच्या खिडक्या मोठ्या असतात."

उत्तर तयार असायचं. तिनं ते ऐकून घेतलं की मला रात्रभर वाईट वाटायचं, आणि सकाळी मी तिची माफी मागायचो. माझा स्वभावच तसा आहे. दूध उतू गेलं तरी मी माफी मागतो, भले मी घरात नसेन. ती म्हणायची, "झाली का माफी मागून? आता च्या प्या." पण माफी मागितली म्हणून मी गाडीचं काही केलं, असं नाही. मेकॅनिककडं दोन-तीनदा नेली. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून कान लावला, स्क्रू फिरवला आणि सांगितलं, "मास्तर, गाडी एकदम ओके हाय. बायामाणसाला गाडी लागतीच." मला तेच ऐकायचं होतं.

यंदा मात्र येळवस आडवी आली.

वेळ अमावस्येला आमच्याकडं 'येळवस' म्हणतात. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळी माणसं शेतात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पूजा मांडायची, आणि मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, ताकातली आंबील घेऊन दिवसभर रानात बसायचं. बायकोचे वडील गेले, भाऊ नाही. शेत बटईनं दिलंय, पण येळवस सासूबाईच करतात. यंदा त्यांनी फोनवर सांगितलं की गुडघ्यांमुळं चुलीपुढं बसवत नाही, पूजा तेवढी करीन, स्वयंपाक नाही जमायचा.

बायको म्हणाली, "मग मी हितूनच करून नेते. भज्जी, उंडे, आन आंबिलीचं मडकं." आणि लगेच तिचा चेहरा पडला. "पन मडकं घिऊन एसटीत कशी चढू? येळवशीला पाय ठिवायला जागा नसती गाडीत."

मी म्हणालो, "मी आणतो ना मडकं. तू एसटीनं ये."

"तुमच्या हाती दिलेली आंबील येळवशीला पोचायची व्हय? रस्त्यात कुठं तार लोंबकळताना दिसली की थांबाल." मग थोड्या वेळानं, भांडी लावता लावता, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "न्हाय तर राहू दे औंदा. न्हाय जात मी."

वडील गेल्यापासून तिनं एक येळवस चुकवली नव्हती. बाळंतपणातही नाही. त्या 'राहू दे'नं मी हललो. माफी मागून भागण्यासारखं हे नव्हतं.

माझ्या मनात शंका तशी जुनीच होती. गाडीत पेट्रोल जास्त आणि हवा कमी जात असेल, तर अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा धूर सायलेन्सरमधून निघतो आणि मागच्या फटींतून आत येतो. मेकॅनिककडं उभ्या गाडीत ते दिसत नाही. पण धावत्या गाडीत काय होतं ते कुणी बघितलं होतं? एक भाग पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा भाग हवा लागते. हे प्रमाण दाखवणारं मीटर मिळतं. सायलेन्सरच्या पाइपात एक सेन्सर बसवायचा, तो धूर हुंगतो आणि मीटरवर आकडा येतो. आकडा पावणेपंधराच्या आसपास असला तर ठीक. खाली घसरला तर पेट्रोल जास्त. मी ते मागवलं, आणि सायलेन्सरवाल्याकडून पाइपाला भोक पाडून नट वेल्ड करून घेतला.

पण मीटर बसवून हायवेवर गेलो तेव्हा कळलं की हे काम एकट्या माणसाचं नाही. आकडा बघू की रस्ता? उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर समोर असताना मी मीटरकडं बघत होतो. वाचलो, आणि घरी येऊन ठरवलं की मीटर लॅपटॉपला जोडायचं. आपण गाडी चालवायची आणि आकडे त्यानं लिहून ठेवायचे.

पुण्याला शिकणाऱ्या मुलीचा जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. मीटरमागून तीन वायरी निघतात. लाल बॅटरीची, काळी अर्थची, म्हणजे अर्थिंगची, आणि पांढरीतून आकड्याप्रमाणं कमी-जास्त व्होल्टेज येतं. पांढरी वायर एका छोट्या बोर्डाला दिली, बोर्डाची केबल लॅपटॉपला. बोर्डालाही अर्थ लागते, म्हणून डॅशबोर्डखाली हाताला लागला त्या बोल्टाला त्याची काळी वायर आवळली. अंगणात गाडीचं दार उघडं टाकून, उताणा पडून मी हे करत होतो. बायको उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती.

"पोटात काय दुखतंय ते बघायला माणसाला बी असंच वायरी लावत्यात न्हाय का?"

"तेच आहे हे. गाडीचा ईसीजी."

"मग तिला बी म्हना, खोल श्वास घ्या."

पहिली चाचणी एकट्यानं केली. स्क्रीनवर रेघ उमटली, छान चालली, आणि मी हॉर्न वाजवला तशी टुणकन वर उडाली. पुन्हा वाजवला, पुन्हा उडाली. म्हणजे माझ्या इंजिनाला हॉर्न ऐकला की कमी पेट्रोल पुरत होतं. पंधरा मिनिटं डोकं खाजवल्यावर लक्षात आलं: मीटरची अर्थ एका जागी, बोर्डाची दुसऱ्या जागी, आणि हॉर्नचा करंट त्या गंजक्या बोल्टातून जाताना दोन्हींत फरक पाडत होता. दोन्ही काळ्या वायरी एकाच जागी हव्यात. वर्गात हेच वाक्य मी इतक्या पोरांच्या कानीकपाळी ओरडलोय, की त्यांतलं एखादं तिथं असतं तर मला तोंड लपवावं लागलं असतं. वायर उपसली, दुसरीजवळ नेऊन जोडली. रेघ शहाण्यासारखी चालू लागली.

आता खरी अडचण होती. लोहाऱ्याच्या रस्त्यानं जायचं, आणि बायकोला बरोबर घ्यायचं. नुसते आकडे मिळून उपयोग नव्हता. आकड्यांचा आणि तिच्या मळमळीचा संबंध आहे का, हे बघायचं होतं. मी अशी सोय केली की लॅपटॉप चालू असताना स्पेस बार दाबला की आलेखावर त्या जागी एक फुली पडेल. तिला सांगितलं, वास आला किंवा पोटात ढवळलं की दाबायचं.

तिनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी मी वकायचं आन तुमी लिवून घ्यायचं?"

"व्हय." मी दोन्ही कान धरले. "माफ कर. पण तुझ्याशिवाय नाही होणार."

"ते माफीचं ऱ्हाऊ द्या. दोन पिशव्या घ्या बरूबर."

रविवारी सकाळी निघालो. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन, बोट स्पेस बारवर ठेवून, समोर रस्त्याकडं बघत बसली. स्क्रीनकडं बघायचं नाही असं मीच सांगितलं होतं. हायवेवर काही नाही. ती गप्पा मारत होती, धाब्यांच्या पाट्या वाचत होती. खराब रस्ता सुरू झाला. पहिल्या काही खड्ड्यांनंतरही ती बोलत होती. मग बोलणं तुटक झालं, मग पदर नाकाशी गेला. टक्. मी तिच्याकडं बघितलं नाही. थोड्या वेळानं टक्, टक्. मला त्या आवाजाची भीती वाटू लागली. आपण जाणूनबुजून बायकोला आजारी पाडतोय, तेही पुराव्यासाठी, असं वाटून मी वेग कमी केला.

"परत फिरू का?"

"गप चालवा." टक्. "एवढं केलंय तर पुरं हू द्या." टक्. "आता थांबवा."

चिंचेखाली हापसा होता, तिथं थांबवली. ती हापशाकडं गेली. मी लॅपटॉप उघडला. आलेख बघितला. हायवेवर रेघ पावणेपंधराला धरून, सरळ. पुढं ती जिना उतरावा तशी खाली येत गेली होती. एक पायरी, थोडी सपाट, पुन्हा पायरी, शेवटी अकरापर्यंत. आणि फुल्या सगळ्या खालच्या पायऱ्यांवर. वरच्या रेघेवर एक नाही. तिचं पोट नाजूक नव्हतं. माझ्या मीटरइतकंच ते नेमकं होतं.

पण खड्ड्यांगणिक पेट्रोल वाढत कशानं जाईल? मी डॅशबोर्डकडं बघत बसलो, आणि चोकचा नॉब दिसला. अंगठ्याएवढा बाहेर आलेला.

थंडीत गाडी सुरू करताना तो ओढतात; त्यानं हवा कमी होते, पेट्रोल जास्त जातं. इंजिन तापलं की आत ढकलायचा. मी सकाळी ढकलला होता, मला पक्कं आठवत होतं. मग बाहेर कसा? नॉबला पिवळ्या फडक्याची पिशवी लटकत होती. गाडी आणली त्या आठवड्यात आम्ही ती घेऊन अणदूरला खंडोबाला गेलो होतो. हा देव वर्षातले काही महिने अणदुरात आणि काही नळदुर्गात राहतो; तेव्हा तो अणदुरातच होता, नळदुर्गाला यायला अवकाश होता. बायकोनं नारळ आणि भंडारा फडक्यात बांधून घेतला आणि गाडीत टांगायला जागा शोधली. आरशाला बांधला तर मला समोरचं दिसेना. तेव्हा तिला तो नॉब सापडला. जणू पिशवी अडकवायलाच केलेला. तिनं गाठ मारली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "ह्यांच्या गाडीला सांभाळ रे बाबा."

तो नारळ प्रत्येक खड्ड्याला हिसका देत होता आणि जुनी केबल कणाकणानं बाहेर सरकत होती. मी घरी पोचून गाडी बंद करायचो. दुसऱ्या दिवशी सुरू करताना नॉब ओढायचो आणि आत ढकलायचो, आधीच बाहेर होता हे कधी जाणवलंच नाही. आणि मेकॅनिकला ते का दिसलं नाही? देवाची वस्तू, तेलकट हात लागायला नकोत, म्हणून गॅरेजला नेताना मी ती पिशवी काढून देवघरात ठेवायचो, आणि गाडी घरी आली की परत बांधायचो. दर वेळी. भक्तीनं.

ती हापशावर तोंड धूत होती. मी पिशवी सोडली, डिकीत धुतलेला टॉवेल होता त्यात गुंडाळून ठेवली, नॉब आत ढकलला. ती आली तसं म्हणालो, "सापडलं. केबल सैल झालीय. माझंच लक्ष नव्हतं."

परतीचा रस्ता तोच, खड्डे तेच. सुरुवातीला ती बोट तयार ठेवून बसली होती. मग बोट सैल झालं. मग तिनं खिडकीची काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली, आणि म्हणाली, "अव्वा! कायच हुईना की." एकही टक् नाही. घरी आलेख बघितला, तर रेघ पावणेपंधराला धरून, दोरी ताणून धरावी तशी सरळ.

मला केवढा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पुढचे दिवस मला नीट झोप लागली नाही. आयुष्यभर नसलेल्या चुकांच्याही माफ्या मागितल्या, पण खोटं बोलून चूक अंगावर घ्यायची ही पहिलीच वेळ होती. खरं सांगावं तर ती म्हणेल, मी देवाला हात जोडून बांधलं आणि त्यानंच मला इतकी वर्षं एसटीत बसवलं. ते ओझं तिला कशाला? माझा खांदा सरावलेला आहे. असं मी स्वतःला समजावत होतो, आणि तेही लबाडीच वाटत होतं.

येळवशीच्या दिवशी पहाटेपासून ती चुलीपुढं. भज्जीचं पातेलं, उंड्यांचा डबा, आणि लाल मडक्यात आंबील, तोंडाला फडकं. गाडीत आधी डबे लावायला म्हणून तिनं डिकी उघडली. पुढं तिच्या पायांच्या जागी मडक्यासाठी मी उशी मांडत होतो. 

"अहो, हे हितं कसं?"

तिच्या हातात टॉवेल होता आणि टॉवेलात पिवळी पिशवी. पुन्हा खोटं बोलवेना. मग सगळं सांगितलं, अंगणातच, उशी हातात घेऊन. नॉब, नारळ, खड्डे, पायऱ्या. गॅरेजला नेताना मी काय करायचो तेही. तिनं मधेच एकदा पिशवीचं वजन हातानं तोलून बघितलं.

"म्हंजी मीच बांधला," ती म्हणाली. "माझ्याच हातानं."

"तू सांभाळायला बांधलास. केबल जुनी होती ते बघायचं काम माझं."

 पिशवी तिनं तिच्या बाजूच्या दारावरच्या हँडलला बांधली, तिथं ती लोंबकळली तरी कशाला ओढणार नव्हती. मडकं पायांमध्ये धरून बसली. हायवेवर धाब्यांच्या पाट्याही तिनं वाचल्या नाहीत. मी तिच्याकडं चोरून बघत होतो. आता मळमळलं नाही तरी ही गप्पच राहणार, येळवस अशीच जाणार, असं वाटत होतं. खराब रस्ता लागला. पहिल्या खड्ड्याला आंबील हेंदकाळून फडकं भिजलं, आणि तिनं मडक्याला मिठी मारली.

"हळू!" मग, मडक्याशी गाल टेकलेल्या अवस्थेतच, "मी लई इचार केला."

"काय?"

"माफी आता मी मागायची का?"

"नको नको."

"न्हाय म्हंजी, मला जमतच न्हाय ते. तुमाला सवय हाय. माझी बी तुमीच मागून टाका."

मी हसायला लागलो तर ती चिडली, "समोर बघा!" आणि मग तीही हसायला लागली, मडकं धरूनच, त्यानं आंबील आणखी सांडली. गाडीभर आंबट, लसणाचा वास भरला. लोहारा मागं गेलं. तिनं मला विचारलं, भूक लागली का. चालत्या गाडीत तिनं कुणाला हा प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदा ऐकला. डब्यातला एक उंडा काढून निम्मा मला दिला आणि निम्मा तिनं खाल्ला.

सास्तूरच्या फाट्यावर सासूबाई काठी टेकून उभ्या होत्या. लेक एसटीनंच येणार हे त्यांनी धरलेलं होतं. आम्ही समोर जाऊन थांबलो तरी त्या आमच्या पलीकडं, बस येते त्या वळणाकडं बघत होत्या.

"पाव्हणं, आलात व्हय. बसला येळ हाय अजून. तुमी व्हा फुडं, मी थांबते हिच्यासाठी."

बायकोनं काच खाली केली. "आई, हिकडं बघ की."

सासूबाई वाकल्या. आत बघितलं, लेकीचा चेहरा बघितला, मग पायांतलं मडकं बघितलं. "तू गाडीत?"

"व्हय."

"वकलीस का?"

"न्हाय."

"मग सकाळधरनं काय खाल्लं नसशील."

"उंडा खाल्ला आत्ता. गाडीतच."

सासूबाईंना ते पटलं नाही. त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, खरंय. तरी त्यांनी लेकीच्या कपाळाला हात लावून बघितला, लहानपणी ताप बघायच्या तसा, आणि मगच मागचं दार उघडायला सांगितलं. काठी आधी आत दिली, मग एकेक गुडघा धरून त्या बसल्या.

"शेतापतोर मी बी येते मग. बघू तरी हिला हितं कसं काय बसवतंय ते."

शेताचा रस्ता म्हणजे नुसती चाकोरी. मी पहिल्या गिअरमध्ये घातली. पुढून बायको आईला सांगत होती की काय झालं होतं, नारळाचं, नॉबचं, सगळं, आणि स्वतःच्या चुकीचं सांगताना तिचा आवाज इतका मोकळा होता की मला हेवा वाटला. मागून सासूबाई मधूनमधून "अगं बया" म्हणत होत्या. खोप दिसू लागली. बटईदाराची बायको हात करत होती. मी थांबवायला लागलो, तर दोघी एकदमच म्हणाल्या, "अजून फुडं घ्या, बांधापतोर जाती की गाडी."